कारण: कामगाराचा निष्काळजीपणा

माझी मावशी अपघात तपासणीच्या कार्यालयात टंकलेखक होती. कारखान्यात कुणाला इजा झाली की तिथले तपासनीस जाऊन पाहणी करायचे, परत येऊन तोंडी मजकूर सांगायचे आणि मावशी तो टाइप करायची. तेवीस वर्षं तिनं हेच केलं. घरात तिला सगळे तडतडी म्हणत, कारण भाजीत मीठ कमी पडलं तरी तिचा आवाज चढायचा. पण कामाबद्दल ती कधी चिडलेली आम्ही पाहिली नव्हती. "डोळ्यांतून थेट बोटांत जातं," ती म्हणायची, "मधे डोकं लागत नाही."

टाइपरायटर होता तेव्हा 'अपघाताचे कारण' या शब्दांपुढे चार कोऱ्या ओळी असायच्या. त्या वेळचे म्हातारे तपासनीस त्या चारही ओळी भरायला लावत. फरशी ओली होती, दिवा आठवडाभर बंद होता, बदलीचा माणूस आला नाही म्हणून हाच सलग दुसऱ्या पाळीला उभा होता, असं सगळं. मग कॉम्प्युटर आला आणि चार ओळींच्या जागी एक यादी आली. कामगाराचा निष्काळजीपणा, यंत्रातील बिघाड, नैसर्गिक आपत्ती, इतर. यातलं एक निवडायचं. 'यंत्रातील बिघाड' निवडलं तर कारखान्याच्या इंजिनिअरचा दाखला जोडावा लागे, आणि स्वतःच्याच गळ्यात फास अडकवणारा दाखला कोण देणार? 'इतर' निवडलं तर तीन पानांचा वेगळा अर्ज आणि मुख्यालयाची परवानगी. पहिलं निवडलं की काम झालं. शिवाय पंधरा दिवसांत अहवाल बंद झाला नाही तर मुख्यालयाच्या पडद्यावर कार्यालयाचं नाव लाल व्हायचं. तपासनीस तीन, कारखाने तीनशेच्या वर. खोटं लिहा असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती.

एका दुपारी खिडकीशी एक माणूस आला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, पण आवाज घासलेल्या पत्र्यासारखा. दोन-तीन शब्द बोलला की थांबून श्वास घ्यायचा. तो टँकरचालक होता आणि त्याला त्याच्या अपघाताच्या अहवालाची प्रत हवी होती. मावशीनं ती काढून दिली. त्यानं तिथेच उभ्या उभ्या वाचली.

"बाई, हे तुम्ही लिहिलंत?"

"मी टाइप केलं."

"इथे निष्काळजीपणा म्हटलंय. मग मी काय करायला हवं होतं, तेवढं सांगा."

मावशीनं कागद फिरवून पाहिला. साबणाच्या कारखान्यात ॲसिड उतरवताना चालकानं टँकरची नळी ब्लीचच्या पाइपला जोडली, दोन्ही एकत्र होऊन विषारी वायू सुटला.

"नळी चुकीच्या पाइपला लावलीत," ती म्हणाली.

"लावली. नाही कुठे म्हणतोय." त्यानं श्वास घेतला. "तिथे दोन तोंडं आहेत. शेजारी शेजारी. एकसारखी. तुमच्यापैकी कुणी जाऊन बघितली का?"

तो प्रत घेऊन गेला. वाहन चालवायचा परवाना निलंबित झाला होता, त्याविरुद्ध अपील करायचं होतं. मावशीचं कामात लक्ष लागेना. कारखान्याचा पत्ता तिच्या बोटांना ओळखीचा वाटत होता. तिनं जुने अहवाल काढले. त्याच कारखान्यात, त्याच जागी, दोन वर्षांपूर्वी एक आणि सहा वर्षांपूर्वी एक. चालक वेगळे, कंपन्या वेगळ्या. कारण एकच. आणि मजकूरही एकच, अगदी स्वल्पविरामासकट.

तो तसा का होता हे तिला लगेच आठवलं. दुसऱ्या वेळी कार्यालयाचे साहेब म्हणाले होते, "मागच्यासारखंच आहे, तेच घ्या." तिनं जुना परिच्छेद उचलून चिकटवला होता, नाव आणि तारीख बदलली होती. तिसऱ्या वेळी कुणी सांगितलंही नव्हतं. वेळ वाचावा म्हणून तिनं आपणहून केलं होतं.

त्या संध्याकाळी ती घरी आली आणि जेवली नाही. आई म्हणाली, "काय झालं गं?" तर म्हणाली, "काही नाही, मला माझाच राग आलाय. मध्ये मध्ये करू नकोस."

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि कारखान्यात गेली. एका कागदावर सही राहिलीय असं फाटकावर सांगून आत शिरली. माल उतरवायची जागा मागच्या बाजूला होती. भिंतीतून दोन पाइप बाहेर आलेले, छातीच्या उंचीवर, मधे वीतभर अंतर. तोंडं एकाच मापाची, जोडणी एकाच प्रकारची. नावांच्या पाट्या होत्या, पण रंगाऱ्यानं भिंतीबरोबर त्याही करड्या रंगवून टाकल्या होत्या. दोन्ही तोंडांना कुलपं होती आणि दोन्ही किल्ल्या एकाच कडीत.

तिथला सुपरवायझर थकलेला माणूस होता. लपवायचं त्याच्यात त्राणही नव्हतं.

"पूर्वी या कामाला आम्ही तिघं होतो. आता मी एकटा, आणि फाटकं दोन. टँकर वेळेत सुटला नाही की उशीर माझ्या नावावर चढतो. किल्ल्या मी चालकाकडेच देतो."

"आणि नियम काय सांगतो?"

"नियमात मी इथे उभा असतो."

"दोन वेगळ्या मापांची तोंडं का नाही बसवली?"

"कंत्राटदारानं एकाच मापाची आणली. सुटे भाग एकच ठेवले की सोपं जातं. मी दोनदा लेखी कळवलंय, ताई. उत्तर आलं, चालकांना प्रशिक्षण द्या. मग तो लागला." त्यानं भिंतीवर बोट दाखवलं. तिथे एक फलक होता: 'सावध राहा.' कशापासून, ते नव्हतं.

मावशी परत आली ती तापलेल्या तव्यासारखी. सकाळी तिन्ही अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवले. साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

"बाई, हा अहवाल बंद झालाय. पुन्हा उघडायचा तर तसं कारण लागतं."

"कारण आहे ना. मी डोळ्यांनी बघून आलेय."

"यादीतलं आहे का?"

मावशी म्हणाली, "साहेब, तीन वेगवेगळी माणसं. एकानं दुसऱ्याचं तोंड पाहिलेलं नाही. वीस-वीस वर्षं नीट गाड्या चालवतात आणि त्या एका भिंतीपुढे आली की तिघंही निष्काळजी होतात? तुम्हाला खरंच पटतं हे?"

"मला काय पटतं याला इथे रकाना नाही," साहेब म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी वाटलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. पण अहवाल उघडला नाही.

मग मावशीनं स्वतःच्या नावानं पत्र लिहिलं, तिन्ही अहवाल जोडले आणि चालकाच्या अपिलाच्या सुनावणीला साक्षीदार म्हणून उभी राहिली. आई सोबत गेली होती, तिच्याकडून मी ऐकलं. कारखान्याच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही इंजिनिअर आहात?"

"नाही."

"मग तुम्हाला यातलं काय कळतं?"

"वाचता येतं," मावशी म्हणाली. "उशिरा वाचलं, पण वाचलं. हा दुसरा अहवाल मी पहिल्यावरून उतरवलाय. तिसराही. कार्यालयात कळलं नाही, मुख्यालयात कळलं नाही, कारखान्यातही नाही. सगळ्यांच्या सह्या आहेत त्यावर. माणूस कोण होता यानं कुणालाच काही फरक पडत नव्हता."

अपील मंजूर झालं. परवाना परत मिळाला. कारखान्यानं एका पाइपचं तोंड बदललं, आता ॲसिडची नळी ब्लीचला बसतच नाही. बदलायला एक सकाळ लागली. तीन माणसांची फुप्फुसं गेली, आणि काम होतं एका सकाळचं. हे सांगताना मावशीचा आवाज आजही चढतो.

कार्यालयानं तिला नोटीस दिली. अहवालात जुना मजकूर वापरला म्हणून. त्यात कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा असंच लिहिलं होतं. तिनं सही केली, कारण तेवढं खरं होतं. पण खाली हातानं लिहिलं, 'दोन टंकलेखकांचं काम एकीला कधीपासून दिलं, तेही नोंदवावे.' त्याचं उत्तर आलं नाही. तिची बदली आवक-जावक विभागात झाली.

पुढच्या रविवारी ती मला घेऊन त्या चालकाच्या घरी गेली. परवाना मिळाला म्हणजे तो कामावर गेला असेल असं मला वाटलं होतं. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. दाराशी आला तेवढ्यात त्याला धाप लागली, परत जाऊन बसला. त्याच्या बायकोनं आम्हाला आत घेतलं, पण बसा म्हटलं नाही.

"आज आलात," ती मावशीला म्हणाली. "पहिल्याचं टाइप करताना डोळे उघडे ठेवले असतेत, तर यांची पाळीच आली नसती."

चालक म्हणाला, "अगं, जाऊ दे."

"का जाऊ दे? आणि ज्यानं ते पाइप लावले, त्यानं एकाच ठिकाणी लावले असतील का?"

जिना उतरताना मी म्हटलं, "किती लागट बोलली ती." मावशी माझ्यावरच खेकसली. "बरोबर बोलली. एवढ्या कचेरीत हा प्रश्न एकालाही सुचला नाही, मलासुद्धा नाही."

सोमवारी तिनं त्या कंत्राटदाराची जुनी कामं शोधायला घेतली. आवक-जावकमध्ये सगळी पत्रं हातांखालूनच जातात. आणखी अकरा कारखाने निघाले. तिनं अकराही ठिकाणी पत्रं पाठवली, सुटीच्या दिवशी, स्वतःच्या कागदावर. चार ठिकाणांहून तोंडं बदलल्याचं उत्तर आलं. उरलेल्या सात ठिकाणी ती दर महिन्याला फोन करते. पलीकडून सांगतात की प्रस्ताव वर गेलाय. ती विचारते, वर म्हणजे कुणाकडे, नाव सांगा. नाव कुणी सांगत नाही.