पडद्यामागून पाहिलेला खुनी

"तुला काय कळतंय सिनेमातलं? तू आपलं नटीचं लुगडं बघ!" चिंचवडच्या तंबूतून बाहेर पडता पडता आमचे मालक म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं. नवीन लग्न. हे पिंपरीच्या कारखान्यात, मी चाकणकडच्या खेड्यातली, शाळेचं तोंड न पाहिलेली. पण डोळे होते की मला!

सिनेमा खुनाचा. त्याच्या दिग्दर्शकावर मी बाई फिदाच झाले होते. काय त्या माणसाची नजर! खुनी दाखवायचाच नाही. आधी जिन्यावर सावली, मग सिगारेटचा धूर, मग काडी ओढणारा नुसता हात. तो हात डावा होता. हे म्हणाले, उजवा. मी म्हटलं, "डावाच! ह्या डोळ्यांनी बघितलाय." दोन दिवस अबोला. भाकऱ्यासुद्धा मी ताटात आदळत होते.

तिसऱ्या दिवशी खात्री करायला पुन्हा गेलो. कापडी पडद्याच्या पुढं बाप्ये, मागं बाया, अशी तंबूची रीत. बाहेर आलो ते दोघंही जिंकूनच! शेवटी तंबूवाल्याला विचारलं, तर तो पोट धरून हसला. "अवो वैनी, मागनं बघितलं की डावं-उजवं उलटं दिसतंय. सुरवातीच्या नावांच्या पाट्या उलट्या दिसल्या न्हाईत व्हय?"

पाट्या वाचता आल्या असत्या तर ना! मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मिशीत हसत होते, त्याचा राग वेगळाच.

पण मी हटले नाही. "मला पुढनं बघायचंय," म्हटलं. दुसऱ्या दिवशी तंबूवाल्यानं ह्यांच्याशेजारी कडेला जागा दिली. बाप्ये माना वळवून बघायला लागले. बघा म्हटलं, काय बघायचंय ते! हात उजवा निघाला. कबूल केलं. मग इन्स्पेक्टर आरशासमोर भांग पाडतो तिथं ह्यांना कोपरानं ढोसलं. "त्याच्याकडं न्हाई, आरशात बघा."

आरशाच्या कोपऱ्यात, दाराआडून, सिनेमाभर गरीब गाय वाटणारा डॉक्टर कान देऊन ऐकत होता. शेवटी तोच खुनी निघतो. दिग्दर्शकानं त्याला अर्धा तास आधीच आपल्यासमोर उभा केला होता, आणि ह्यांनी दोनदा सिनेमा बघून तो पाहिलाच नव्हता.

एवढ्या बाप्यांत ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. मला रडूच आलं.

"इथनं पुढं," हे हळूच म्हणाले, "कुठं बघायचं ते मला सांगत जा."