व्हिएन्नाच्या मनोऱ्यात ऐकू आलेली हाक

या ग्रुपवरचे अनुभव मी बरीच वर्षं नुसते वाचतोय. स्पष्टच सांगतो, टाइमपास म्हणून. मी इलेक्ट्रिकल इंजिनीअर. कुणी म्हणालं, "आमच्या फ्लॅटमध्ये रात्री लाईट आपोआप लागते," तर मी आधी वायरिंग कुणी केलंय ते विचारणार. देवळात जातो ते बायको नेते म्हणून. त्यामुळे हे लिहायला बसलोय याचं मलाच नवल वाटतंय. मीनलला, म्हणजे माझ्या बायकोला, मी लिहितोय हे माहीत नाही. का, ते शेवटी कळेल.

२००१ सालचा जून. आम्ही तेव्हा शारजात अल मजाजला राहायचो, खाडीच्या काठच्या एका टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर. मुलगी रुचा सहा वर्षांची. कंपनीने मला एका मशीनच्या ट्रेनिंगसाठी व्हिएन्नाला पाठवायचं ठरवलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि आम्ही दोघं असे कुठे गेलोच नव्हतो. म्हटलं, मीनलचं तिकीट आपण काढू, चार दिवस आधी जाऊ, शहर बघू. रुचाच्या शाळेत टेस्ट चालू होत्या, शिवाय तिचा व्हिसा वेळेत होईना. शेवटी शेजारच्या शमीमभाभी म्हणाल्या, "अवो, ठेवा तिला माझ्याकडं. माझ्या दोन पोरांत तिसरी. काय भारी हाय का ती?"

शमीमभाभी मूळच्या दाभोळकडच्या. नवरा इक्बालभाई बंदरात कामाला. त्यांचं दार आणि आमचं दार समोरासमोर, आणि रुचा अर्धी त्यांच्याच घरात वाढलेली. तरी मीनलचा पाय निघत नव्हता. एअरपोर्टवर रुचाच म्हणाली, "Mumma, go na! I'm not a baby."

बुधवारी संध्याकाळी पोचलो. गुरुवार अख्खा पायी फिरलो. शारजाच्या ४३ डिग्रीतून आलेली माणसं आम्ही... त्या गार हवेत, दगडी गल्ल्यांमधून हातात हात घालून चालताना कॉलेजात असल्यासारखं वाटत होतं. घोड्यांच्या बग्ग्या, जुने राजवाडे, ट्राममधून शहराला घातलेली चक्कर. बागेतल्या बाकावर बसून मीनलने आणलेले ठेपले खाल्ले. संध्याकाळी हॉटेलवरून फोन केला तर रुचा मजेत होती. "शमीम आंटीने फिश दिला," म्हणून सांगत होती. मीनल हसली. त्या रात्री ती शांत झोपली.

शुक्रवारी सकाळी आम्ही शहराच्या मधोमध असलेल्या मोठ्या चर्चच्या मनोऱ्यावर चढायला गेलो. वरून सगळं शहर दिसतं म्हणे. तीनशेच्या वर पायऱ्या, दगडी, गोल गोल फिरत जाणाऱ्या. जिना इतका अरुंद, की वरून कुणी उतरत आलं तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागायचं. मध्येमध्ये हाताएवढ्या फटी, तेवढाच उजेड. मीनलला बंद जागेची भीती आहे. लिफ्टमध्येसुद्धा ती आकड्यांकडे बघत उभी असते. मी म्हटलं, "नको असेल तर राहू दे." तर म्हणाली, "नाही, येते मी. तू मागे राहा फक्त."

ती पुढे, मी दोन पायऱ्या मागे. कुणीच बोलत नव्हतं. फक्त बुटांचे आवाज आणि तिचा श्वास.

अर्ध्याच्या आसपास गेलो असू, आणि ती एकदम थांबली. इतकी अचानक, की मी तिच्या पाठीवर आदळलो.

"काय झालं?"

तिने हात वर केला, गप्प राहा म्हणून. मान खालच्या बाजूला वळवली. अंधुक उजेडातही दिसलं — चेहरा पांढराफटक पडला होता.

"रुचा," ती म्हणाली.

"काय रुचा?"

"तुला ऐकू नाही आलं? खालून. 'Mumma, it's not opening.' दोनदा म्हणाली."

मी हसलोच. म्हटलं, अगं, पर्यटकांची पोरं असतील, इंग्लिश बोलणारी. इथे आवाज घुमतो. ती मान हलवत राहिली. "ती रडतेय सुधीर. अंधार आहे तिथे. मला खाली जायचंय."

आता मी काय केलं ते खरं खरं लिहितो, कारण त्याच्यावरच सगळं येऊन ठेपतं. मी चिडलो. एवढ्या लांब येऊन, अर्धा मनोरा चढून, हिचं आता हे. मी म्हणालो, "मीनल, थोडंच राहिलंय. वर जाऊ, दोन फोटो काढू, मग खाली उतरून फोन कर हवा तर." मी तिच्या पाठीला हात लावून तिला पुढे ढकललंसुद्धा, अगदी हलकेच. ती हलली नाही. मागून एक म्हातारं जोडपं येऊन खोळंबलं होतं, ते आमच्याकडे बघत होते. मी पुन्हा म्हटलं, "चल ना, एक एक पायरी चढ, बस्स."

"एकही पायरी चढणार नाही मी," ती म्हणाली. आणि मला बाजूला सारून उतरायला लागली.

खाली आलो तेव्हा तिथले पावणेअकरा वाजत होते. म्हणजे शारजात पाऊण. माझा मोबाईल तिकडे चालत नव्हता. चौकात फोनबूथ होता, माझ्याकडे थोडंसं उरलेलं कार्ड होतं. शमीमभाभींचा नंबर लावला.

"अरे सुधीरभाई! कसे हाव तुमी? थंडी हाय का तिथं?"

"मस्त आहे भाभी. रुचा कुठाय?"

"ती सातव्या माल्यावर गेलीय ना, अनुच्या घरी. मघाशीच गेली खेलायला. आमचे हे नि पोरं जुम्म्याच्या नमाजला गेलेत, ते आले का जेवू सगले."

मी मीनलकडे बघून भुवया उंचावल्या — झालं समाधान? तिने माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला.

"भाभी, ती अनुकडे नाहीये. तुम्ही लिफ्टच्या बाजूचं ते जाड दार उघडा. आग लागली तर वापरायचा जिना आहे ना, त्यात बघा. आत्ता जा. भाभी, प्लीज, फोन ठेवू नका, पण जा!"

मला वेड लागायची पाळी आली. मीनलला शारजाच्या जिन्याचं काय सुचलं? नंतर विचारलं तर म्हणाली, "आवाज तसा येत होता. सिमेंटच्या जिन्यातला. चर्चच्या दगडातला नव्हता."

पलीकडे चपला फटफटत गेल्याचं ऐकू आलं. मग काहीच नाही. आणि टुं टुं होऊन कार्ड संपलं.

कोपऱ्यावर तंबाखूचं दुकान होतं, तिथे कार्ड मिळायचं. मी पळालो. आत तीन माणसं रांगेत, काउंटरवरच्या बाई एकाशी निवांत गप्पा मारत होत्या. मला जर्मन येत नाही. मी "प्लीज, प्लीज" म्हणत पुढे घुसलो. तोपर्यंत मी घाबरलो नव्हतो हो... नुसता वैतागलो होतो. पण कार्ड घेऊन वळलो आणि काचेतून मीनल दिसली. बंद पडलेला रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरून उभी होती. आणि मी सुट्टे पैसे न घेताच धावत सुटलो.

पुन्हा नंबर लावला. रिंग जात राहिली. कुणी उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा. शुक्रवारी दुपारी त्या वेळेला आमच्या टॉवरमध्ये कसं असतं ते मला माहीत होतं. वॉचमन नमाजला, पुरुष मंडळी नमाजला, बाकीचे दारं बंद करून एसीत. त्या जिन्यात कुणी ओरडलं तर कुणाला ऐकू जाणार? जूनमध्ये त्या बंद जिन्यात भट्टी असते. सगळ्या मजल्यांवरची दारं जिन्याकडून उघडतच नाहीत, आतून हँडलच नाही. हे मला माहीत होतं, कारण मीच एकदा असोसिएशनच्या मीटिंगमध्ये त्याबद्दल भांडलो होतो.

पंचवीस मिनिटं गेली. मीनल नुसती चौकाकडे पाठ करून, कपाळ काचेला टेकवून उभी.

शेवटी फोन उचलला गेला. शमीमभाभी रडत होत्या.

"मिलाली! मिलाली गं मीनल! जिन्यातच हुती माझी बाय..."

झालं होतं ते असं. रुचा अनुकडे जायला निघाली. नमाजला जाणाऱ्यांनी लिफ्ट भरलेली, येईना. तिने ते जाड दार ढकललं, दोनच मजले तर उतरायचे म्हणून. दार मागे धाडकन बंद झालं. सातव्यावरचं उघडेना, परत वर आली तर नवव्याचंही उघडेना. आतल्या ट्यूबलाईट बंद पडलेल्या. खूप ठोकलं, ओरडली. मग एकेक दार चाचपत खाली खाली उतरत गेली. तळमजल्याचं दारही अडलं होतं, बाहेरून कुणीतरी शिफ्टिंगचं कपाट टेकवून ठेवलेलं. भाभींनी वरून हाका मारल्या, तर उत्तर खूप खालून आलं. नमाजहून परतलेल्या इक्बालभाईंनी आणि वॉचमननी कपाट हटवून दार उघडलं, तेव्हा ती त्याच्याही खाली, बेसमेंटकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर बसलेली सापडली. घामाने निथळत, ओठ सुकलेले, पण शुद्धीवर.

"माझ्याशी बोलू द्या तिला," मीनल म्हणाली. बोलली, रडली, पुन्हा बोलली. मग रिसीव्हर माझ्याकडे दिला.

"पिल्लू, घाबरली होतीस का गं?"

"First I was scared, Papa. Then Mumma was counting, so I walked."

मला वाटलं, गुंगीत बोलतेय. "काय करत होती मम्मा?"

"Counting! Every step. मी एक step उतरले की ती एक number. And then she stopped. So I also stopped and sat down."

मी मीनलकडे वळलो. ती बूथबाहेर फरशीवरच बसली होती.

"तू मनोऱ्यात पायऱ्या मोजत होतीस?"

तिने वर बघितलं. "हो. भीती वाटली की मोजते मी. तुला कसं कळलं?"

मी तिच्या मागे दोन पायऱ्यांवर होतो. जिन्यात तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी एकही आकडा ऐकला नव्हता.

"मोठ्याने मोजत होतीस?"

"नाही," ती म्हणाली. "मनात."

ट्रेनिंग वगैरे सगळं रद्द करून आम्ही दुसऱ्या दिवशी परत आलो. रुचा दोन दिवसांत पूर्ववत झाली, पोरंच ती. एकदा जेवताना मला म्हणाली, "Papa, what is एकोणसाठ?" मी विचारलं, कुठे ऐकलंस? "Mumma said it. In the stairs. And एकोणसत्तर. So funny." आमच्या घरी आम्ही तिच्याशी मराठीत बोलायचो, ती उत्तर इंग्लिशमध्ये द्यायची. मराठी आकडे तिला वीसपर्यंत यायचे, तेही मीनलच्या आईने सुट्टीत शिकवलेले.

आता शेवटचं. परतल्यावर इक्बालभाईंनी मला एकट्याला खाली नेलं. "मीनलला सांगू नका भाई," म्हणाले. बेसमेंटला पाण्याची मोठी टाकी आहे, जमिनीत. त्या शुक्रवारी तिची सफाई चालू होती. कामगार झाकण उघडं ठेवून नमाजला गेले होते. जिन्याची शेवटची पायरी संपते तिथून टाकीचं तोंड दोन पावलांवर, आणि लाईट नव्हती. रुचा बसली होती त्या जागेपासून खाली आणखी थोड्याच पायऱ्या होत्या.

मी शेवटच्या पायरीपासून टाकीपर्यंतची ती दोन पावलं चालून बघितली. मला मनोऱ्यातला माझाच आवाज ऐकू येत होता. चल ना, एक एक पायरी चढ, बस्स.

नंतर एका दुपारी मी टॉर्च घेतला, नवव्या मजल्याच्या दारातून आत शिरलो आणि वॉचमनला बाहेर उभं करून त्या जागेपर्यंत पायऱ्या मोजत उतरलो. दोनदा मोजल्या. तो आकडा मी कुणाला सांगितलेला नाही. मीनल मनोऱ्यात कितीपर्यंत मोजून थांबली, ते तिला पक्कं आठवतं. एकदा ती सांगायला लागली होती, तर मी उठून बाल्कनीत गेलो.

रुचा आता दुबईत नोकरी करते. तिला यातलं फारसं आठवत नाही. टाकीचं मीनलला अजून माहीत नाही. आणि मी, प्रत्येक गोष्ट मोजून बघणारा माणूस, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघायला तयार नाही. ते जुळले, तर माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. आणि नाही जुळले, तर त्या अंधारात माझ्या मुलीच्या सोबत मोजत कोण होतं?