टेपमामांचा जोड

टेपमामा वायर दातांनी सोलायचे. खिशात पक्कड असायची, तरी दातांनीच. मग दोन तारांना बोटांनी पीळ द्यायचे, वर काळी टेप गुंडाळायचे आणि समोरच्याला फर्मान सोडायचे, "ओढ!" मेन चालू करण्याआधी, ज्याच्या घरचं काम त्यानेच जोड ओढून पाहायचा, हा त्यांचा नियम. त्याशिवाय मामा स्टुलावरून उतरत नसत. हे माझ्या आईचे सख्खे भाऊ. नांदुऱ्यातल्या कितीतरी घरांची वायरिंग त्यांच्या हातची, आणि माझ्या नशिबाने माझ्या पिठाच्या गिरणीचीही.

नशिबाने म्हणते ते दातओठ खाऊन म्हणते. मेनमधून येणारी वायर अॅल्युमिनियमची, मोटरची तांब्याची. या दोघींचा नुसता पीळ टिकत नाही. तापतो, काळा पडतो आणि ऐन लग्नसराईत गिरणी ठप्प. दळणाचे डबे पार दारापर्यंत लागलेले, बायका माझ्या नावाने बोटं मोडतायत, आणि मामा शांतपणे नवी टेप फाडतायत. अहो, माझं घर चालतं या गिरणीवर!

"मामा, कनेक्टर लावा ना एखादा!"

"काऊन? तारीले तार भेटली, मधात तिसरा कायले पाह्यजे?"

मी तरी काय काय आणलं नाही! स्क्रूची पांढरी पट्टी आणली, चिनी मातीचे ठोकळे आणले, तारेच्या टोकाला दाबून बसवायचे लग आणले. अकोल्याहून तर खटका उचलून तार खुपसायचे ते नवे कनेक्टर आणले. मामांनी खटका वरखाली करून पाहिला. "हे तं लेकराचं खेळणं होय," म्हणाले आणि सगळं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकून माझ्याच फळीवर ठेवून दिलं. डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं मला.

बरं, भांडावं तर माणूस गोड. मी बोलणं बंद केलं की दुसऱ्या दिवशी ज्वारीचा डबा घेऊन हजर. "तुही मामी म्हणे, पीठ सरलं." कुठलं सरलंय पीठ! कालच तर नेलेलं असायचं.

पुढे वाताने त्यांची बोटं वाकडी झाली. पीळ बसेना. मी म्हटलं, आता तरी खटक्याचे लावा, जोर लागत नाही. केवढे रागावले! "माया हातानं जमन तं करीन, नाही तं नाही." मागच्या थंडीत मामा गेले. मी खूप रडले, आणि खरं सांगते, रडतानाही चिडलेलीच होते. एकदा तरी ऐकायचं होतं माझं!

नंतर गिरणी पुन्हा बंद पडली. नवा वायरमन आला. त्याने मामांची जळकी टेप सोलून फेकली आणि स्क्रूची जाड पट्टी बसवली. अॅल्युमिनियमला एका बाजूचं घर, तांब्याला दुसऱ्या. काम दिसायला देखणं.

"झालं ताई, करा चालू."

माझा हात मेनपर्यंत गेला आणि थांबला. मी स्टुलावर चढले, एकेक तार ओढू लागले. एक तार सुळकन हातात आली. स्क्रू तांब्यावर नाही, वरच्या प्लास्टिकवरच आवळला होता.

"ताई, तुमाले हे कोनं शिकवलं?"

पट्टीच हवी होती, माझंच खरं होतं. आणि मामांचंही. आता हे भांडायला तरी कोणाकडे जाऊ?

"पुन्हा लाव," मी म्हटलं. "अन् लावलं की मले सांग. मी ओढीन."