शर्टाची दोन बटणं

आमच्या वीज कंपनीच्या ऑफिसात शिरल्याबरोबर दिसेल असा एक फलक आहे. सरकारी कामावरच्या माणसावर हात टाकला तर पाच वर्षांपर्यंत कैद, जामीनही सहज नाही. शिक्षा वाढली तेव्हा तो लावला. खिळा मीच ठोकला. कलमाचा नंबर आता बदललाय म्हणतात, आमच्याकडं अजून 'तीनशे त्रेपन्न'च चालतं.

कायदा वाईट नाही, हे आधी सांगतो. येलदरीकडं एकदा विजेच्या तारेवर चोरून टाकलेला आकडा काढायला गेलो, तर एका बड्या बागायतदाराच्या पोरानं चारचौघांत माझ्या कानाखाली वाजवली. मी हेल्मेट उचललं आणि घरी आलो. तक्रार केली नाही. तो मोठा माणूस होता. ज्याच्यावर केली, तो मोठा नव्हता.

मी बोरीच्या बाजूच्या तीन गावांचा वायरमन. तो माझ्या हाताखालचा झिरो वायरमन. म्हणजे पगार नाही, ओळखपत्र नाही, पण खांबावर चढायचं त्यानंच. माझे गुडघे आणि माझा आळस, दोन्हींची सोय. आयटीआय झालेला, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, दोन लेकरांचा बाप. मीच त्याला हाताशी धरलं होतं. दोन वर्षांत असं झालं, की लाइट गेली की लोक फोन त्यालाच करायचे. माझा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेला, आणि माझा फोन गप्प. बायाबापड्या त्याला भाऊ म्हणायच्या, मला साहेब. बायको म्हणाली, बरंच झालं की, तुमचा त्रास वाचला. मला जेवण गेलं नाही.

मग भरतीच्या यादीत त्याचं नाव लागलं. पोलीस पडताळणी झाली की तोही कायमचा वायरमन. पहिला पेढा त्यानं मला दिला, पाया पडला. मी पेढा खिशात ठेवला. तो तिथंच विरघळला.

त्याच आठवड्यात जळालेली डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, बदलून आली. हरभरा पाण्यावर आलेला, अर्धं गाव शिवारात जमलेलं. नव्या डीपीपुढं नारळ फोडतात. एका म्हाताऱ्यानं पिशवीतून नारळ काढला, मी हात पुढं केला, तोच गर्दीतून कुणीतरी बोललं आणि नारळ माझ्या हातावरून पलीकडं गेला.

"त्याच्याकडं द्या. आमचा वायरमन त्योच हाय."

लोक हसले. वाकडं नव्हते हसले, तेच जास्त लागलं. मी म्हटलं, फ्यूजची तार मी बांधतो. सगळे बघत होते, तार दोनदा निसटली. त्यानं हळूच माझ्या हातातली पक्कड काढून घेतली.

"सरका साहेब, मी बघतो."

एवढंच झालं.

पोलीस ठाण्याच्या वाटेवर एका बाभळीखाली मी गाडी थांबवली आणि शर्टाची वरची दोन बटणं ओढून तोडली. एक पटकन आलं. दुसऱ्याला दोन हिसके द्यावे लागले, बायकोनं ते नुकतंच निळ्या दोऱ्यानं पक्कं लावलं होतं. फिर्यादीत सांगितलं, कॉलर धरली, ढकललं, सरकारी काम अडवलं. साक्षीदार कोण, असं विचारल्यावर म्हटलं, गाव त्याच्याच बाजूचं, कोण बोलणार? शर्ट पुरावा म्हणून जप्त झाला.

तो सव्वा महिना आत होता. यादीतलं नाव गेलं. त्या दिवसांत लोक नाइलाजानं मला फोन करायला लागले. पहिला फोन आला तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहायला हवं. सुटून आल्यावर त्यानं खांबाला हात लावला नाही.

तारखांवर तारखा पडत गेल्या. यंदा परभणीच्या कोर्टात माझी साक्ष निघाली. सरकारी वकिलानं आदल्या दिवशी काय बोलायचं ते पढवलं होतं. सील फोडून शर्ट काढला. हा तुमचाच का? म्हटलं, हो. निळ्या दोऱ्याची टोकं अजून लोंबत होती.

"बटणं कशी तुटली?"

"मी तोडली. त्यानं मला हात लावला नव्हता."

न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. वकिलानं मला फितूर ठरवलं. आता खोट्या फिर्यादीबद्दल व्हायचं ते होईल, ऑफिसची नोटीसही येईल. गावात म्हणायलेत, आतून तडजोड झाली असंल.

बाहेर पायऱ्यांशी तो उभा होता. कानशिलावरचे केस पांढरे झालेले.

"भरतीचं वय निघून गेलं, साहेब," तो म्हणाला. "आता बोललात."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गावातलंच कुणीतरी होतं.

"न्हाई काका, तुमी हात लावू नगा. साहेबांना फोन करा. घ्या नंबर." आणि त्यानं माझा नंबर न बघता, तोंडपाठ सांगितला.

माझा फोन वाजेल म्हणून मी हातात धरून उभा राहिलो. वाजला नाही. थोड्या वेळानं पुन्हा त्याचाच वाजला, आणि एवढं सगळं होऊनही माझ्या पोटात दुखलं.