एक गर्डर राहिला होता

क्रेन उभी करायची म्हटली, की आमचे क्रेन ऑपरेटर चाचा आधी पहार मागायचे. केबिनकडे बघायचेसुद्धा नाहीत. क्रेनचे चार जॅक जिथं टेकणार, त्या चारही ठिकाणी स्वतः पहार मारायचे, मान वाकडी करून आवाज ऐकायचे, आणि मग मला विचारायचे, "साहेब, गावात कुणी म्हातारं माणूस हाय का?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. नांदेड जिल्ह्यात लोहा गावाच्या अलीकडे ओढ्यावर पुलाचं काम, कंत्राटदाराचा दर तासाला फोन, उन्हानं जीव नकोसा झालेला, आणि या गृहस्थांना म्हातारं माणूस पाहिजे! मी त्या कामावरचा सुपरवायझर, म्हणजे वरून आणि खालून दोन्हीकडून बोलणी खाणारा माणूस. "का? क्रेनची पूजा करायचीय का?" मी म्हणालो.

"न्हाई. पेव इचारायचंय."

पेव तुम्हाला ठाऊक असेलच. जुन्या लोकांनी धान्य ठेवायला जमिनीत खणलेला खोल खड्डा. आपल्याकडं गावाच्या कडेला अशी कितीतरी पेवं नुसती तोंडं बुजवून विसरून गेलेली आहेत. वरून जमीन टणक, आत सगळं पोकळ. शेवटी शेळ्या घेऊन चाललेल्या एका आजीला मी थांबवलं. तिनं क्रेनकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "आमच्या सासऱ्याचं पेव होतं की बाभळीच्या बुडी. तुमचा हा मागचा पाय त्याच्यावरच हाय, बाबा."

चाचांनी तिथं पुन्हा पहार मारली. चार-पाच घाव झाले आणि पहार मुठीपर्यंत आत गेली.

क्रेन हलवली, नवी जागा बघितली, जॅकखाली लाकडी ठोकळे रचले. सगळा दिवस त्यात गेला. मी त्यांचे आभार मानायला हवे होते. मी काय केलं? कंत्राटदाराला फोनवर सांगितलं, ऑपरेटर लई सावकाश आहे. तेव्हा मी असा होतो, आणि आता फार सुधारलोय असंही नाही.

चाचा देगलूरचे. साठीला टेकलेले, दाढी मेंदीनं लाल, पांढऱ्या टोपीवर हेल्मेट. वेल्डरशी तेलुगूत बोलायचे, घरी फोनवर दखनीत आणि माझ्याशी मराठीत. तीस वर्षं क्रेनवर काढलेली. नाव विचाराल तर मस्टरवर होतं, पण ते कुणी उच्चारलेलं मला आठवत नाही.

अधांतरी मालाखाली माणूस दिसला, की त्यांच्या अंगात यायचं. एकदा गावचे सरपंच चार माणसं घेऊन फोटो काढायला आले. गर्डर हवेत, आणि मंडळी बरोबर त्याच्या खाली. चाचांनी गर्डर होता तिथं थांबवला आणि हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. शेवटी मंडळी कानावर हात ठेवून बाजूला झाली. सरपंच भडकले. "मला ओळखत न्हाईस का रे?"

"ओळखतो की मालक," चाचा केबिनमधून ओरडले. "म्हणून तर हॉर्न वाजवून राहिलो!"

आम्ही खूप हसलो. खलाशी, म्हणजे वर चढून माल जागेवर बसवणारी माणसं, तर आठवडाभर तेच बोलत होती.

उन्हाळा चढला तसं मला काहीबाही दिसायला लागलं. चाचा उजवा डोळा सारखा रुमालानं पुसायचे. चहाचा ग्लास स्टुलावर ठेवताना आधी हातानं कड चाचपायचे. क्रेनला खालून हातानं इशारे देणारा माणूस गावी गेल्यापासून इशारे मीच देत होतो. एक दिवस मला म्हणाले, "साहेब, उद्यापासून नारंगी शर्ट घाला. पांढऱ्या शर्टात हात दिसत न्हाई."

मी घातला नारंगी शर्ट. एका शब्दानं विचारलं नाही. मला कळलं नव्हतं असं नाही, खोटं कशाला बोलू? डोळ्याचं वर कळलं असतं तर चाचांची केबिन त्याच दिवशी सुटली असती आणि माझं काम अडलं असतं. एकदा जेवताना ते आपणहून म्हणाले, "घरी बसून काय करू, साहेब? आता खाली करमत न्हाई मला." मी भाकरी मोडत राहिलो.

शेवटचे दोन गर्डर राहिले होते तेव्हाची दुपार. खांबाच्या माथ्यावर दोन खलाशी, खाली मी. गर्डर जागेवर येता येता एका खलाशाचा हात त्याच्याखाली गेला. मी हात आडवा केला. थांबा.

गर्डर थांबला नाही. चार बोटं आणखी खाली आला. खलाशी किंचाळला तेव्हा थांबला.

हात निघाला, हातमोजा आत राहिला. चाचांनी गर्डर पुन्हा उचलला, नीट बसवला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरले.

"हात कवा केला होता साहेब?"

"आत्ताच. मलाच उशीर झाला."

"खोटं बोलून राहिले तुमी." आवाज अजिबात चढला नव्हता.

त्यांनी त्या खलाशाला खाली बोलावलं आणि त्याचा हात हातात घेऊन एकेक बोट चाचपून मोजलं. पाच भरली तरी हात सोडेनात. पोरंबाळं असलेला चाळिशीचा माणूस तो, लाजला बिचारा. "चाचा, हायेत की सगळी," म्हणाला.

आणि मी, देवाशप्पथ, त्याला म्हणालो, "चल, चढ वर. एकच राहिलाय."

तो चढला. चाचा मात्र जागचे हलले नाहीत.

"चाचा, एवढा एक ठेवा," मी हात जोडले. "मी तोंडानं ओरडून सांगतो. उद्या तुम्हाला स्वतः नांदेडला डोळ्याच्या दवाखान्यात नेतो. एकच गर्डर हो!"

ते क्रेनकडे बघत राहिले. तीस वर्षं केबिनमध्ये काढलेला माणूस, त्याला काय वाटत असेल ते मला दिसत होतं. मनातून त्यांनाही तो गर्डर ठेवायचा होता. मग म्हणाले, "ठेवतो. त्या खलाशाला खाली बोलवा. त्याच्या जागी तुमी उभे राहा."

शिडी माझ्यापासून दहा पावलांवर होती. मी वर बघितलं, मग त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. ते वाट बघत होते. मला वाटतं, मी चढावं अशी थोडीशी आशाही होती त्यांना.

माझा पाय उचलला नाही. ते मात्र त्यांना स्वच्छ दिसलं.

"हाव," ते म्हणाले. "मलाबी तसंच वाटतंय."

किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली, डबा उचलला, आणि रस्त्यावर जाऊन देगलूरकडे जाणाऱ्या जीपला हात केला. मागं वळून बघितलं नाही. वर दोन्ही खलाशी तसेच उभे होते, माझ्याकडे बघत. मी त्यांना खाली या म्हणालो.