अर्धी राहिलेली अंगाई

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी भाषाशास्त्राची बाई. पुराव्याशिवाय बोललेलं मला चालत नाही — घरचे याला खवटपणा म्हणतात. तरीही हे सांगते आहे, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९७२ साली मी पीएचडी करत होते. विषय — पोर्तुगीजपासून तयार झालेली, कुलाबा जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात उरलेली बोली. तिथल्या एक म्हाताऱ्या मावशी मला अंगाई म्हणून दाखवत होत्या. निम्म्यावर टेप संपली. मी म्हटलं, "राहू द्या, उरलेलं पुढच्या खेपेला."

मावशी अस्वस्थ झाल्या. "अर्धं नाय ठेवायचं, बाय. आधी पोराला निजवायचं, मग उठवायचं. उठवल्याबिगर गाणं आपल्याला सोडत नाय."

मला एसटी गाठायची होती... मी हसून निघाले.

पुढच्या खेपेआधीच मावशी गेल्या. गाण्याचा दुसरा भाग त्यांच्या मुलीलाही आठवेना. माझं शेवटचं प्रकरण त्या गाण्यावर उभं होतं. पूर्ण गाणं नसेल तर प्रकरण काढून टाका, असं गाईडनी बजावलं. पण खरं सांगू? प्रकरणापेक्षा मावशींचा तो चेहराच मला जास्त छळत होता.

लिहायला म्हणून मी सोनईला आत्याकडे जाऊन राहिले. आत्या राहुरीच्या पलीकडे कधी गेली नव्हती. समुद्र तिने पाहिला असेल तर कॅलेंडरवर! एके दुपारी ओसरीवर मी ती टेप लावली होती, शेजारी आत्या बाजरी पाखडत होती. टेप संपली, टोक रिळावर फटफटायला लागलं... आणि गाणं चालूच राहिलं.

आत्या म्हणत होती. नजर सुपात, हात चालू. तीच चाल, तीच बोली, क्रियापदांची रूपंसुद्धा चोख. मी नोंदींचं एक कार्ड ओढून भराभर लिहून घेतलं. सहा ओळी.

"आत्या, हे कुठं शिकलीस?"

"काय गं?"

"आत्ता म्हणालीस ते गाणं."

"मी कुटं काय म्हनले? तुजं ते यंत्रच वाजत हुतं की." मग सूप खाली ठेवून तिने सहज विचारलं, "उठलं का गं ते लेकरू?"

लेकराचं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

महिन्याभराने मी ते कार्ड घेऊन मावशींच्या मुलीकडे गेले. वाचायला लागले, तर दुसऱ्याच ओळीला ती माझ्याबरोबर म्हणू लागली. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "हेच. आयचं हेच." मीही रडले. कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

प्रबंधात गाणं सांगणारी म्हणून मावशींच्या मुलीचं नाव आहे. गाईडना खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. मूळ कार्ड मात्र अजून माझ्या बिस्किटांच्या डब्यात आहे. प्रत्येक कार्डावर मी तीन गोष्टी लिहायचे. सांगणारी — आत्या. गाव — सोनई. कुणाकडून शिकली —

तेवढी जागा पन्नास वर्षं कोरी आहे.