फास्टिंगची खिचडी

“सुधाताई, डायबेटिस दिसतोय, म्हणजे मधुमेह,” डॉक्टरबाई रिपोर्ट बघत म्हणाल्या. “पण फास्टिंग शुगर एवढी? सकाळी काही खाल्लं नव्हतंत ना?”

“छे हो, कडक उपास होता. नुसती साबुदाण्याची खिचडी आणि दोन सुकेळी.”

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. फास्टिंग म्हणजे उपास, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. पाण्याखेरीज काही चालत नाही, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि आमच्या वसईच्या वाडीतल्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी तर उपासाला चालतातच. “एकादशी नि दुप्पट खाशी,” हे शेजारून पुटपुटले.

खरं तर मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धडपडत होते. तीस वर्षं संकष्टी करतेय, पण वर्षभर मला चंद्र दोन-दोन दिसत होते. ह्यांनी “उगवला गं” म्हटलं की मी अंदाजाने हात जोडायची आणि पानावर बसायची. त्याचं फार वाईट वाटायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, साखर उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही.

मग खरोखर उपाशीपोटी तपासणी झाली. सोबत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज. तोही वाढलेलाच. सगळं खिचडीवर ढकलायची माझी सोय गेली.

“गोळी घेऊन चंद्रोदयापर्यंत उपाशी राहायचं नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

मला रडूच आलं. “मग देवाला काय सांगू?”

त्या आमच्याच भागातल्या, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. म्हणाल्या, “आमच्या उपवासकाळात आम्ही आवडीची वस्तू सोडतो. मी चहा सोडते आणि घरचे माझा स्वभाव सोसतात. तुम्ही सुकेळी सोडा.”

बाईंनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं. तीस वर्षांच्या उपासांत मी असं काही सोडलंच नव्हतं. सुकेळ्यांचा डबा शेजारी देऊन आले, तेव्हा वाटेत दोनदा मागे वळून पाहिलं.

काही महिन्यांनी साखर आटोक्यात आली, ऑपरेशन झालं.

परवाच्या संकष्टीला वेळेवर भाजी-भाकरी खाऊन, गोळी घेऊन मी अंगणात उभी राहिले. माडांच्या मधून तो वर आला. एकच, स्वच्छ. “उगवला हो,” या वेळी मी ह्यांना सांगितलं, आणि हात जोडले.

तुम्हांला कुणी फास्टिंगला बोलावलं, तर नुसतं पाणी पिऊन जा. आणि जेवून हात जोडायची वेळ आली, तर माझ्यासारखं अवघडू नका. आमच्या देव्हाऱ्यातल्या गणपतीला रिकाम्या पोटाचं फार कौतुक असेल, असं त्याच्याकडे बघून तरी वाटत नाही.